सहा ड्युट्या

२१ फेब्रुवारी २०२४ च्या दुपारपर्यंत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमीन सयानींच्या अकरा क्लिपा जमा झाल्या होत्या. आदल्या दिवशी ते गेले होते, ९१ वर्षांचे होऊन. मामानं एक क्लिप टाकली, ती बघून काकूनं दुसरी. चुलत भावानं चुकून त्यांची नक्कल करणाऱ्या कुणा मिमिक्रीवाल्याचीच टाकली आणि तिच्यावरही चार जणांनी हात जोडले. संध्याकाळी मावशीचा मेसेज आला. ती ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही.

‘त्यांचा आवाज आहे तरी.’

एवढंच. मी उत्तर दिलं नाही. कारण त्या ‘तरी’मध्ये माझा एक गुन्हा दडलेला आहे. तो पुढे सांगतो.

मावशी १९९३ पासून २०११ पर्यंत महाराष्ट्रातल्या एका छोट्या शहरातल्या नभोवाणी केंद्रावर बोलायची. केंद्र कुठलं ते लिहायचं नाही, असं तिनं बजावलंय. तिचा हुद्दा होता ‘नैमित्तिक उद्घोषक’. नैमित्तिक म्हणजे कॅज्युअल. नियम असा, की अशा माणसाला महिन्याला सहापेक्षा जास्त ड्युट्या द्यायच्या नाहीत. जास्त दिल्या तर तो उद्या ‘मला कायम करा’ म्हणेल. महिन्याला सहा म्हणजे वर्षाला बहात्तर. अठरा वर्षांत फार तर १२९६. एक ड्युटी सहा तासांची धरली तर साडेसात हजार तासांहून जास्त. त्यातलं एक मिनिटही आज कुठे नाही.

तुम्ही २००० नंतर जन्मला असाल तर हे काम नक्की काय असतं ते थोडं सांगायला हवं. रेडिओवरचा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिदळणारा आरजे येणार. सरकारी नभोवाणीत दिवसाच्या तीन ‘सभा’ असतात. पहिली पहाटे सुरू होते. मावशीला न्यायला चारच्या पुढे-मागे जीप यायची. आधी संकेतधून, मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनी म्हणून सनई. (ती संकेतधून, जी ऐकली की आमच्या आधीच्या पिढीला दात घासावेसे वाटतात, ती वॉल्टर कॉफमन नावाच्या, हिटलरच्या भीतीनं युरोप सोडून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची समजली जाते.) उद्घोषकापुढे क्यू शीट असते. कुठल्या मिनिटाला काय लागणार, दिल्लीच्या बातम्यांना कितीला जोडून घ्यायचं, सगळं त्यात. बातम्या कुणासाठी थांबत नाहीत. गाणं चाळीस सेकंद आधी संपलं तर ते चाळीस सेकंद आपण भरायचे, आणि वीस सेकंद उशीर होणार असेल तर गाणं असं उतरवायचं की ऐकणाऱ्याला ते तिथंच संपत होतं असं वाटावं. हे फेडर हळूहळू खाली ओढणं मावशी अजून हवेत बोटानं करून दाखवते. चूक झाली तर ड्युटी ऑफिसर लॉगबुकात नोंद करतो. बरोबर झालं तर काहीच नोंद होत नाही.

म्हणजे या नोकरीत तुमच्या नावानं लिहून ठेवलं जातं ते फक्त चुकलेलं.

हे असं का, याचा शोध घ्यायला मी बसलो तो थेट लंडनला जाऊन पोचलो. बीबीसीनं सुरुवातीपासून आपल्या निवेदकांना निनावी ठेवलं होतं. बोलणारी संस्था, माणूस नव्हे, अशी कल्पना. रेडिओवर दिसत नसूनही संध्याकाळच्या निवेदकानं डिनर जॅकेट घालायचं, हा तिथला प्रसिद्ध रिवाज. मग युद्ध आलं. १९४० मध्ये जर्मन लोक बीबीसीच्या नावानं खोट्या बातम्या देतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा कुठे वृत्तनिवेदक आपलं नाव सांगू लागले. लोकांना आवाज ओळखता यावा म्हणून. कौतुक म्हणून नव्हे, सुरक्षेसाठी. पुढच्या वर्षी यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं. त्याचे उच्चार जर्मनांना नक्कल करायला अवघड जातील हा एक हिशेब. तक्रारी जर्मनांच्या आल्या नाहीत, इंग्लिश श्रोत्यांच्याच आल्या. बातम्या अशा गावंढळ उच्चारांत ऐकल्या तर त्या खऱ्या वाटत नाहीत म्हणे.

आपल्याकडे मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेही एका खाजगी कंपनीचं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीनच वर्षांत बुडाली, सरकारनं कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. बीबीसीचा साचा तसाच उचलला गेला. निनावीपणा, ऑडिशन, शुद्ध उच्चार, सगळंच. फक्त इथं ‘शुद्ध’ म्हणजे काय हे ठरवणं लंडनपेक्षा शंभरपट अवघड होतं.

आणि आवाजाला नाव असणं इथं धोक्याचंही होतं. सईदा बानोची गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. लखनौची ही बाई, न पटलेला संसार मागे टाकून ऑगस्ट १९४७ मध्ये धाकट्या मुलाला घेऊन दिल्लीत आली आणि १३ ऑगस्टला तिनं ऑल इंडिया रेडिओवर उर्दू बातम्या वाचल्या. रेडिओवर उर्दू बातम्या वाचणारी पहिली बाई. दोन दिवसांनी स्वातंत्र्य, आणि मग फाळणीची कत्तल. शहरात माणसं मारली जात होती आणि ही रोज माईकसमोर बसून सपाट आवाजात ते देशाला सांगत होती. तिला पत्रं यायची. काही कौतुकाची, आणि बरीचशी ‘पाकिस्तानात चालती हो’ म्हणणारी. बातमी वाचणाऱ्यानं भावना दाखवायची नसते, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. ते वाक्य पाळणं म्हणजे काय असतं ते या बाईला विचारायला हवं होतं. म्हातारपणी तिनं उर्दूत आत्मचरित्र लिहिलं आणि नातीनं ते इंग्रजीत आणलं, म्हणून आपल्याला हे ठाऊक तरी आहे.

त्याच दिल्लीत ३१ जानेवारी १९४८ ला मेलविल डिमेलो एका व्हॅनमध्ये बसून गांधीजींच्या अंत्ययात्रेचं धावतं वर्णन करत होते. सलग सात तास. आज आपण सात मिनिटांचा व्हिडिओ दीडपट वेगानं बघतो, म्हणून मुद्दाम सांगतो: सात तास, समोर लाखोंची गर्दी, हातात लिहिलेलं काही नाही. डिमेलोंना पुढे पद्मश्री मिळाली, नाव झालं. पण ते प्रसंगाचे निवेदक. पहाटेच्या सभेत सनईनंतर ‘सुप्रभात’ म्हणणारी माणसं वेगळी. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण लागायचं. माडगूळकर आणि बाबूजी सगळ्यांना माहीत, केंद्रावर ती कल्पना मांडणारे सीताकांत लाडही थोड्यांना माहीत. गाण्याआधी माईकवर कोण बोललं, हे कुणी विचारतसुद्धा नाही.

आता अमीन सयानी. तुम्हाला वाटेल, या सगळ्या माणसांचा हा राजा. गंमत अशी की या माणसाला ऑल इंडिया रेडिओनं नापास केलं होतं. हिंदी निवेदकाच्या चाचणीत त्यांच्या उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी फार डोकावते असं सांगून परत पाठवलं. हे ते स्वतः मुलाखतींमध्ये रंगवून सांगायचे. आणि परीक्षक चुकलेही नव्हते. घर मुंबईतलं गुजराती. थोरला भाऊ हमीद इंग्रजी कार्यक्रमांचा नावाजलेला निवेदक, त्यानंच अमीनना लहानपणी स्टुडिओत नेलेलं. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायची, सोप्या हिंदुस्तानीत. भाषा तीच आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. शाळकरी अमीन त्या कामाला हातभार लावायचे. पुढे देशानं ज्या भाषेवर प्रेम केलं ती भाषा रेडिओत नाही, या पाक्षिकाच्या प्रुफांत तयार झाली.

आणि मग आले आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचा माणूस, १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री. सिनेमाची गाणी म्हणजे बिघडलेली अभिरुची, असं त्यांचं ठाम मत. आधी गाण्यांची वेळ कमी केली, मग गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं ही जाहिरात ठरवून बंद केलं. निर्माते चिडले, त्यांनी परवाने काढून घेतले. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली. केसकरांची नुसती टिंगल करायची पद्धत आहे आणि ती मला पटत नाही. शास्त्रीय संगीताला रेडिओनं दिलेला आधार, संगीत संमेलनं, केंद्राकेंद्रांवर नोकरीला लागलेले वादक, हे त्याच काळाचं. संस्थानं गेली तेव्हा कित्येक घराण्यांची चूल रेडिओनं पेटती ठेवली. पण लोकांना काय ऐकायचंय हे लोकांना विचारायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता खरा.

लोकांनी सुई फिरवली आणि सिलोन लावलं. कोलंबोचं रेडिओ स्टेशनही सरकारीच, पण त्याच्या व्यापारी विभागाला जाहिराती चालायच्या. ३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला. प्रायोजक टूथपेस्टवाले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून सगळ्या हिंदुस्तानावर बरसायची. असा कार्यक्रम थोरामोठ्या निवेदकाकडे द्यायचा तर पैसे जास्त पडतात म्हणून विशीतल्या अमीनकडे आला. आठवड्याला पंचवीस रुपये. त्यात संहिता लिहिणं, बोलणं आणि पत्रं तपासणं हे सगळं आलं. सुरुवातीला सात गाणी लावायची आणि श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमानं लावून कळवायची, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असं ते सांगायचे. तेव्हा ती पत्रं कोण मोजणार, म्हणून कोडं बंद करून लोकप्रियतेच्या पायऱ्या आणल्या. म्हणजे आज तुम्ही ज्याला ट्रेंडिंग म्हणता तो प्रकार पत्रांच्या गोण्यांना कंटाळून निघाला.

ज्याच्या उच्चारात गुजराती डोकावतं म्हणून परत पाठवलं, त्यानं ‘बहनो और भाइयो’ म्हणत, बहिणींना आधी ठेवून, देशाला हिंदी ऐकवली. आकाशवाणीनं १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू केली ती याच ओढीला उत्तर म्हणून. १ नोव्हेंबर १९६७ ला तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, आणि पहिला मान मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच केंद्रांना मिळाला. शेवटी १९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली. सदतीस वर्षांनी तो नापास मुलगा मुख्य दारानं आत आला.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. सयानी कुणाच्याही नोकरीत नव्हते. ते कार्यक्रम तयार करून विकणारे धंदेवाईक माणूस होते, चांगल्या अर्थानं. त्यामुळे त्यांची रेकॉर्डिंगं त्यांची होती. टेपा त्यांच्या कपाटात राहिल्या, कागद राहिले, नंतर ‘गीतमाला की छाँव में’ नावाच्या सीडी निघाल्या. म्हणून ते गेले त्या दिवशी आमच्या ग्रुपवर अकरा क्लिपा येऊ शकल्या. सरकारी माईकवर बसणाऱ्याचा आवाज सरकारचा. तो हवेत गेला की गेला.

दूरदर्शनचंही तेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, वरळीला. सुरुवातीची कितीतरी निवेदनं थेट जायची आणि टेप महाग, म्हणून एकाच टेपवर परत परत नवं रेकॉर्ड व्हायचं. त्या पडद्यावर स्मिता पाटील नावाची एक मुलगी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, कारण कॅमेऱ्याला कमरेखालचं दिसत नाही. श्याम बेनेगलांनी तिला तिथं पाहिलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भक्ती बर्वेही निवेदिका होत्या, आधी आकाशवाणी मग दूरदर्शन. १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आलं आणि त्या कायमच्या मंजुळा झाल्या. मला हा योगायोग फार आवडतो: शुद्ध उच्चारांची नोकरी करणारी बाई अजरामर कशामुळे झाली, तर एका फुलं विकणाऱ्या पोरीला शुद्ध बोलायला शिकवतात त्या नाटकामुळे. लहानपणी ‘बेबी तबस्सुम’ म्हणून सिनेमात आलेल्या तबस्सुमनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ पासून १९९३ पर्यंत, एकवीस वर्षं चालवला. आज दर दुसरा यूट्यूबवाला नटनट्यांना सोफ्यावर बसवून गप्पा मारतो, त्याची ही आजी.

पण या साऱ्यांना बाहेर जायला दार होतं. सिनेमा, नाटक. ज्यांना ते नव्हतं किंवा नको होतं, त्यांच्यासाठी निवेदन हेच आयुष्य. प्रदीप भिडे कित्येक दशकं मराठी बातम्या देत राहिले. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा आईनं जेवता जेवता ताट बाजूला ठेवलं. तिच्या लेखी सात वाजल्याची खूण म्हणजे तो चेहरा. पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचं नाव पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी माहीत होतं, कारण बातम्यांच्या आधी त्या स्वतःचं नाव सांगायच्या. पुढे त्यांचा मुलगा लष्करप्रमुख झाला तेव्हा अनेकांनी त्याची ओळख ‘अरे, सुधा नरवणेंचा मुलगा’ अशी करून दिली. नाव सांगायला मिळणं म्हणजे काय, ते यावरून कळतं. मावशीला फक्त वेळ, मीटर आणि केंद्राचं नाव सांगायचं असायचं.

आणि नाव असलं तरी आवाज आपला असतोच असं नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी सव्वानऊच्या सुमाराला इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दुपारपर्यंत बीबीसी ऐकणाऱ्यांना त्या गेल्याचं कळलेलं होतं. दूरदर्शनवर ती बातमी सलमा सुलतान यांनी दिली तेव्हा संध्याकाळ झाली होती. केसांत गुलाब माळणारी, देशभर लाडकी असलेली ही निवेदिका. बातमी तिच्यापाशी कधी पोचली आणि कधी सांगायची परवानगी आली, यातलं अंतर तिनं ठरवलेलं नव्हतं. पण लोकांना आठवतो तो तिचा चेहरा. उशिराचा दोष मनात कुठे ठेवायचा, हे न कळून तो चेहऱ्यावरच ठेवला जातो.

मावशीकडे परत येतो. तिची ऑडिशन. ती माणदेशाकडची. घरात ‘पानी’च म्हणायचे, ‘लोनी’च म्हणायचे. लेखी परीक्षा झाली, मग आवाजाची चाचणी. न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष, ‘चमचा’तले दोन वेगवेगळे च. पहिल्या वेळी ती राहिली. आजोबांनी सांगितलं, नाद सोड. तिनं काय केलं, तर दुपारी शेजारच्या भटजींच्या बायकोकडे, त्यांना आम्ही काकूच म्हणायचो, जाऊन बसायची आणि त्यांच्याबरोबर तांदूळ निवडत ‘बाण, वाण, ताण, ठाण’ म्हणायची. काकूंनी कधी हसून दाखवलं नाही, हे मावशी आजही सांगते. दुसऱ्या वर्षी ती पास झाली. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं आजीला ‘आई, पाणी दे’ म्हटलं आणि आजी म्हणाली, ‘आता माझ्याशीबी रेडिओ बोलनार व्हय?’

हा विनोद म्हणून आमच्या घरात सांगितला जातो. मला तो तितकासा विनोदी वाटत नाही.

कारण गावाकडची बोली रेडिओला चालतच नव्हती असं नाही. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांत ती आवर्जून असायची. चावडीवर चार पात्रं बसायची, रांगड्या बोलीत खताबद्दल बोलायची. १९५६ मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या जवळपास दीडशे गावांत ‘रेडिओ शेतकरी मंडळं’ चालवली. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळवायची. जगभर ज्याचा अभ्यास झाला असा प्रयोग. एकतर्फी रेडिओ त्या दहा आठवड्यांत दुतर्फी झाला होता. पण बोली तिथंच, शिवारात. बातमी सांगताना, गाण्याचं नाव सांगताना, किती वाजले ते सांगताना ‘ण’ हवाच. कुठली गोष्ट कुठल्या उच्चारात खरी वाटते, हे विल्फ्रेड पिकल्सच्या श्रोत्यांनी ठरवलेलं तसंच आपणही ठरवून टाकलं होतं.

तरी तिला ते काम मनापासून आवडायचं, हेही लिहायला हवं. नाहीतर हा लेख रडगाणं होईल आणि ती मला फोन करून झापेल. ‘आपली आवड’ करताना पोस्टकार्डावरची नावं वाचायची असत. एकेका गाण्याला पंधरा-वीस नावं, गावासकट. ती म्हणते, नाव वाचताना घाई करायची नाही, त्या माणसानं कार्डाला पैसे घातलेत. एका वाडीतून दर आठवड्याला कार्ड यायचं. एकदा तीन आठवडे आलं नाही, तर तिनं त्या वाडीचं नाव उगाच एका गाण्याआधी घेतलं. चौथ्या आठवड्यात कार्ड आलं. ‘म्हशीला बरं नव्हतं’ एवढंच.

नैमित्तिक लोकांची ही व्यवस्था कशी रुजली ते थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे आणि महत्त्वाचंही. पूर्वी रेडिओत कलावंत ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून करारावर असायचे. १९८२ च्या सुमाराला त्यांना सरकारी नोकर मानायला सुरुवात झाली. मग नव्वदीच्या तोंडावर जिल्ह्याजिल्ह्यांत छोटी केंद्रं निघाली, कायम भरती आटत गेली आणि माईक तर सकाळी सुरू करायलाच हवा. १९९७ मध्ये प्रसार भारती आली, स्वायत्तता आली, भरती आली नाही. सहा ड्युट्यांवर केंद्रं चालत राहिली. कोर्टात खटले झाले, अजून होतात. मावशी कधी कोर्टात गेली नाही. २०११ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिनं स्वतःहून ‘पुढच्या महिन्यापासून नको’ असं कळवलं. राजीनामा द्यायला नोकरी असावी लागते, ती नव्हतीच.

आता माझा गुन्हा. तिच्या आवाजाची एक कॅसेट होती. १९९६ मधली दिवाळीची पहाट, पहिल्या सभेची. काकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली. पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवले होते. १९९८ च्या सुट्टीत मी दहा वर्षांचा, त्यांच्या घरी राहायला गेलेला. शेजारच्या मुलाकडे ‘कुछ कुछ होता है’ची कॅसेट होती आणि माझ्याकडे कोरी नव्हती. त्या मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवला की कॅसेटवर पुन्हा भरता येतं, हे ज्ञान त्या वयात सगळ्या मुलांना असतं. दोन्ही बाजू मी भरून टाकल्या. मावशीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ‘दुसरी भरू की’ म्हणाली. दुसरी भरली गेली नाही.

दूरदर्शनच्या पुसलेल्या टेपांबद्दल लोक तावातावानं लिहितात तेव्हा मी खाली कधी कमेंट करत नाही, त्याचं कारण हे.

यंदा मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो. मी ऑडिओबुकांच्या संपादनाचं काम करतो, माईक बरोबर होता. म्हटलं, पहिल्या सभेची सुरुवात बोलून दाखव. आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, घड्याळ समोर ठेव, सेकंदकाट्याचं, मोबाईलचं नको. ते शोधण्यात वीस मिनिटं गेली. स्वयंपाकघरात कुकर होता, तो बंद करायला लावला. मग काटा बाराला येईपर्यंत ती गप्प बसली. उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर, जिथं फेडर असता तिथं. आणि बोलली. सुप्रभात, वार, तारीख, शके, तिथी, केंद्र. मग भक्तिगीतांची नावं, गायक, संगीतकार, एका श्वासात न अडखळता. तेरा वर्षांत तिनं ती कुठे म्हटलेली नव्हती. चार मिनिटं दहा सेकंदांची फाईल आहे.

तिला हेडफोन लावून ऐकवली. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, ‘तिसऱ्या मिनिटाला ‘रचना’ची ‘रचणा’ झालीय. न चा ण. अतिशुद्ध बोलायला गेलं की होतं असं. पूस ते.’

मी पुसतो म्हणालो. पुसलेलं नाही. हा लेख ती वाचेल तेव्हा तिला कळेलच.